सर्व्हर अपडेट करताना 'वाय' दाबण्याआधी एवढं वाचा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मामेभावाचे कोचिंग क्लासेस आहेत. त्यांचा ॲडमिशन फॉर्म एका छोट्या उबंटू सर्व्हरवर चालतो आणि तो सर्व्हर मी बघतो. 'बघतो' म्हणजे काय, तर दीड वर्ष त्याला हातही लावला नव्हता. चालतंय ना, मग चालू दे!

एका रविवारी रात्री ठरवलं, आज सगळं अपडेट करून टाकू. उबंटूच्या पुढच्या आवृत्तीवर न्यायला घेतलं. मध्येच स्क्रीनवर प्रश्न आला: ही कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली दिसते, नवीन टाकू की तुमचीच ठेवू? झोप आली होती. मी 'वाय' दाबत गेलो. शेवटी साइट उघडून पाहिली, होमपेज छान दिसलं, झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन. "अरे, कालपासून एकही फॉर्म आला नाही. पालक म्हणतायत, मार्कशीटचा फोटो अपलोडच होत नाही. दोघं तर दुसरीकडे ॲडमिशन घेऊन मोकळे झाले."

झालं असं होतं, की एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. ती मर्यादा मी पूर्वी वाढवली होती. माझ्या 'वाय'मुळे ती फाइल नव्याने लिहिली गेली आणि मर्यादा परत १ एमबीवर आली. आजकाल मोबाइलने काढलेला साधा फोटोसुद्धा त्यात बसत नाही.

चूक अपडेटची नव्हती, माझी होती. पण त्यानंतर ही प्रक्रिया मी नीट समजून घेतली. तीच आज सांगतो. (कमांड्स इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.)

अपडेट आणि अपग्रेड: दोन वेगळ्या गोष्टी

'सुडो ॲप्ट अपडेट' चालवल्याने काहीही अपडेट होत नाही! ही कमांड फक्त यादी ताजी करते, म्हणजे कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती उपलब्ध आहे ते बघून येते. दुकानात जाऊन भाव विचारून आल्यासारखं. खरेदी होते ती 'सुडो ॲप्ट अपग्रेड'ने.

'अपग्रेड' बसवलेलं कुठलंही पॅकेज काढून टाकत नाही. 'फुल-अपग्रेड' मात्र गरज पडली तर जुनी पॅकेजेस काढतं. म्हणून ते चालवताना काय काय निघणार आहे ती यादी वाचूनच पुढे जा.

आवृत्ती जुनी दिसते, म्हणजे धोका आहे का?

नवीन लोक इथे हमखास गोंधळतात. डेबियन आणि उबंटू स्थिर आवृत्तीत सहसा सॉफ्टवेअरचा आकडा वाढवत नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं मोठं भगदाड सापडलं. मूळ प्रकल्पाने ते १.०.१जी या आवृत्तीत बुजवलं. पण डेबियनने आपल्या १.०.१ई मध्येच दुरुस्ती करून दिली. त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नका आणि कुठून तरी 'लेटेस्ट' डाउनलोड करून हाताने बसवूही नका. तसं बसवलेलं सॉफ्टवेअर पुढे ॲप्ट सांभाळत नाही.

डिस्कवर नवीन, मेमरीत जुनं

अपग्रेडने डिस्कवरची फाइल बदलते, पण आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम मेमरीतला जुनाच कोड वापरत राहतो. हार्टब्लीडच्या वेळीही नुसती लायब्ररी अपडेट करून भागत नव्हतं, ती वापरणारा वेब सर्व्हर रीस्टार्ट करावाच लागत होता.

कुठली सर्व्हिस रीस्टार्ट करायला हवी ते 'नीडरीस्टार्ट' हे टूल सांगतं. कर्नल बदललं असेल तर पूर्ण मशीन रीबूट करावी लागते. तशी गरज असेल तर उबंटू 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार करून ठेवतं. "आमचा सर्व्हर ५०० दिवस बंदच झाला नाही" असं कुणी अभिमानाने सांगितलं, की मला आता वेगळंच दिसतं: ५०० दिवसांपूर्वीचं कर्नल.

रोजचं काम मशीनवर सोडा

सुरक्षेच्या अपडेटसाठी 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे पॅकेज आहे. उबंटू सर्व्हरवर ते सहसा आधीच चालू असतं, डेबियनवर आहे का ते तपासा. ते मूळ सेटिंगनुसार सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवतं, पण आपणहून रीबूट करत नाही. ते काम तुमचं.

उशीर किती महाग पडतो याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली इक्विफॅक्स. अपाचे स्ट्रट्समधल्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध होती. ती वेळेत बसली नाही. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली.

आवृत्ती बदलताना

उबंटूच्या एलटीएस आवृत्त्यांना ५ वर्षं नियमित अपडेट मिळतात. २०.०४ ची मुदत २०२५ मध्ये संपली, २२.०४ ची २०२७ मध्ये संपेल. त्यामुळे कधीतरी मोठी उडी मारावीच लागते. माझा आताचा क्रम असा:

१. आधी सर्व्हरचा स्नॅपशॉट आणि डेटाबेसचा वेगळा बॅकअप. बॅकअप दुसरीकडे एकदा उघडूनही बघतो.
२. जमलं तर त्याच स्नॅपशॉटवरून दुसरी मशीन उभी करून तिथे आधी प्रयोग.
३. कॉन्फिगरेशनचा प्रश्न आला की 'डी' दाबून फरक बघतो. शंका असेल तर 'एन', म्हणजे माझी फाइल तशीच राहते आणि नवीन फाइल शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' शेपटीने जमा होते.
४. 'वाय' दाबलंच असेल तरी जुनी फाइल 'डीपीकेजी-ओल्ड' शेपटीने शिल्लक असते. मला त्या दिवशी हिनेच वाचवलं.
५. काय बदललं ते बघायला ॲप्टचा हिस्टरी लॉग.
६. शेवटी होमपेजवर समाधान न मानता खरं काम करून बघतो: लॉगिन, फॉर्म, फोटो अपलोड, पावती.

ॲप्टच्या नजरेबाहेरचं

डॉकर कंटेनर, पिप किंवा एनपीएमने बसवलेली पॅकेजेस, वर्डप्रेसचे प्लगइन, यांतलं काहीही ॲप्ट अपडेट करत नाही. सर्व्हर एकदम ताजा आणि आतला कंटेनर तीन वर्षं जुना, हे मी स्वतः पाहिलंय. यांची वेगळी यादी करून ठेवा.

आता महिन्यातला एक शनिवार, दुपारची वेळ, मी या कामासाठी ठेवतो. रविवारी रात्री तर नाहीच. आणि अपडेट झालं की दादाला मेसेज करतो: "एक फॉर्म भरून बघ, फोटोसकट." त्याचा 'गेला रे' असा रिप्लाय आला, की मग लॅपटॉप बंद.