शेवटचा कुठं दिसला?

१ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवट शिखराखाली हिमकडा कोसळला. स्की करायला आलेले पोलंडचे दोन पाहुणे त्यात गेले. १९ परदेशी आणि दोन स्थानिक वाटाडे वाचले. वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या शेलूबाजारच्या टपरीवर ही बातमी कुणी वाचली असेल, तर चहा संपायच्या आत पान उलटलं असेल. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. पण हरवलेल्या किंवा गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायचं शास्त्र बर्फात जे आहे, तेच अडाण नदीच्या डोहात आहे, आणि ते आपल्याला ठाऊक नसल्याची किंमत दर पावसाळ्यात कुठलं तरी गाव मोजतं.

हिमस्खलनात गाडलेल्या माणसाच्या जगण्याचा हिशेब युरोपातल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडला. पहिल्या पंधरा-अठरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येतं. हेलिकॉप्टर इतक्या लवकर पोहोचत नाही. म्हणून रुळलेल्या वाटा सोडून आडरानात स्की करणारे लोक अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारं छोटं यंत्र बांधतात, पाठीवर फावडं आणि लांब सळई ठेवतात. ही तयारी बहुतांशी दुसऱ्यासाठी असते: सोबती गाडला गेला, तर काढायचा आपणच.

पाण्यात मुदत याहून कमी. श्वास थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला. नागपूर शेलूबाजारहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज दाराशी आला, तरी दोन-अडीच तास गेलेच. धुळं त्याहून लांब. राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ. बुडणाऱ्याला जिवंत काढायला यांतलं कुणीही वेळेत येऊ शकत नाही. दोष त्यांचा नाही, अंतराचा आहे. जिवंत काढतो तो काठावर उभा असलेला माणूस. पथक येतं ते बहुतेक वेळा उरलेल्या कामाला.

हे उरलेलं काम करणारी माणसं या भागात आहेत, आणि पगारी नाहीत. शेजारच्या अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यातलं पिंजर हे गाव दीपक सदाफळे यांच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकामुळे अकोला-वाशीमच्या तहसील कार्यालयांना तोंडपाठ आहे. पूर असो, विहीर असो, धरण असो, निरोप गेला की पोरं बोट, दोर आणि गळ घेऊन निघतात. घरची शेती, दुकान, मजुरी बाजूला. गाडगेबाबांचं नाव घेतलं की बिदागी मागायची सोय राहत नाही, हेही आलंच.

पथक काठावर आलं की पहिला प्रश्न एकच: शेवटचा कुठं दिसला? इथंच घोळ होतो. काठावर दोनशे माणसं जमलेली असतात आणि दोनशे बोटं दोनशे ठिकाणी रोखलेली. ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं ते दहा वर्षांचं पोर घाबरून घरी पळालेलं असतं. साचलेल्या पाण्यात, म्हणजे तलावात, शेततळ्यात, मुरूम काढून झालेल्या खड्ड्यात, माणूस बुडाला तिथंच जवळपास तळाला जातो. जागा नक्की कळली तर शोध तासाभराचा, नाही तर दोन-दोन दिवसांचा. वाहत्या नदीचा हिशेब वेगळा. तिथं पाणी पुढं नेतं, पण मनमानी नेत नाही: वळणाच्या आतल्या बाजूला, पुलाच्या खांबाशी, बंधाऱ्याच्या भिंतीला, काठच्या बाभळीच्या मुळ्यांत अडकवतं. जुने भोई हे सांगतात ते अनुभवावर, आणि ते खरं असतं. बुडालेलं शरीर आतल्या वायूंमुळे काही काळानं आपोआप वर येतं. उन्हाळ्यात लवकर, थंड आणि खोल पाण्यात उशिरा. म्हणून एका टप्प्यानंतर अनुभवी पथक पाणी ढवळत बसत नाही, खालच्या बंधाऱ्यांवर माणसं बसवून नजर ठेवतं. नातेवाइकांना हे निष्काळजीपण वाटतं. ते तसं नसतं.

डोंगरातही हाच पहिला प्रश्न. बर्फात वाट चुकलेला माणूस सहसा उताराच्या ओढीनं घळीत शिरतो आणि तिथून वर येता येत नाही. शोधपथक एक तुकडी मागावर सोडतं आणि दुसरी घळीच्या तोंडाशी उभी करतं, जेणेकरून तो शोधक्षेत्राच्या बाहेर निसटू नये. सह्याद्रीत बर्फाऐवजी कोरडा ओढा असतो. माणूस ओढ्यानं उतरत जातो आणि धबधब्याच्या कड्यावर अडकतो. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात दिल्लीचा एक तरुण हरवला. जंगलात वाट चुकलोय, एवढं त्यानं घरी फोनवर सांगितलं आणि मग फोन बंद पडला. शिवदुर्ग मित्र हे बचाव पथक, राष्ट्रीय दल, श्वानपथक, ड्रोन सगळं लागलं; चौथ्या दिवशी खोल दरीत मृतदेह मिळाला. शेवटच्या फोनवर आजूबाजूला काय दिसतंय एवढं जरी कळलं असतं, तरी शोधाचा घेर लहान झाला असता.

जवळचा माणूसच आधी पोहोचतो, हेही डोंगरात तसंच. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. डोंगराच्या पायथ्याहून रात्री पायवाटेनं आधी वर गेले त्यांत डोंगर पाठ असलेले स्थानिक गिर्यारोहकच होते.

परदेशात एक वाद नेहमी होतो: बेपर्वाईनं हरवलेल्याकडून शोधाचा खर्च वसूल करावा का? अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर राज्य करतं. आधी पंचवीस डॉलरचं कार्ड काढलं तर सूट देतं. अमेरिकेतल्याच स्वयंसेवी गिरिबचाव पथकांच्या संघटनेचा मात्र विरोध आहे. बिलाच्या धास्तीनं लोक फोन उशिरा करतात, असं तिचं म्हणणं. मला हे पटतं, कारण आपल्याकडे बिल नसलं तरी धास्ती आहेच. पोलिसांची भानगड नको म्हणून घरचे आधी स्वतः शोधतात, मग नातेवाइकांना बोलावतात, मग सरपंचाला, आणि तहसीलला निरोप जातो तो अंधार पडल्यावर. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं संरक्षण दिलंय. पाण्याकाठच्या धास्तीला अजून तसा उतारा नाही.

सरकारनं ‘आपदा मित्र’ योजनेतून स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याची पेटी आणि विमा द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत प्रयोग झाला, पुढं ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचं उद्दिष्ट ठरलं. योजना चांगली आहे. पण पेटी तालुक्याला आणि पोरगं शिवारात, हे अंतर ती मिटवत नाही. त्यासाठी गावानंच काही करावं लागेल, आणि खर्च फार नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. तिथं काठाला गाठी मारलेला दोर कायम बांधलेला हवा, शेजारी ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब. बुडणाऱ्याच्या मागं उडी मारू नका. एकाच्या जागी दोन तिरड्या निघतात त्या यामुळेच. दोर फेका, काठी द्या, ट्यूब ढकला. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं हे सगळं वाया जाणारा वेळ आहे. मिठात पुरण्याची व्हॉट्सअपवरची युक्ती तर शुद्ध थाप. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, मग छाती दाबा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

पोळ्याला बैल धुवायला आणि गणपती बोळवायला पोरं पाण्यात उतरतील. त्याआधी ग्रामपंचायतीनं दोर आणि ट्यूब बांधून घ्यावी. काही घडलंच तर एकानं लगेच ११२ आणि १०८ ला फोन करावा, दुसऱ्यानं जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ ला, आणि ज्यानं शेवटचं पाहिलं त्याला, मग तो कितीही लहान असो, पथक येईपर्यंत त्याच जागी कुणा मोठ्या माणसाच्या सोबतीनं बसवून ठेवावं.