आबाजींची चेतक : किती घासायची, कुठं थांबायचं?

तुमसरहून निघालेला रस्ता बपेऱ्याला येतो आणि पुढे बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. धानाच्या या पट्ट्यात कॉलेज असो, बाजार असो की दवाखाना, तुमसर गाठल्याशिवाय भागत नाही. त्यामुळे इथं घरात दुचाकी हौसेपेक्षा गरजेनंच आली. आणि वापरून झालेली वस्तू लगेच भंगारात घालायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, एखादी बजाज चेतक आजही निघू शकते.

ती निघाली की पोट्टे खूश! मोबाइलमध्ये रील असतंच : गंजकी स्कूटर साठ सेकंदांत आरशासारखी चकाचक. पण खरा प्रश्न त्या रीलमध्ये नसतो. नुसती चालू करायची, की पार नवीकोरी करायची? नवीकोरी केली तर ती आबाजींची राहते का?

आधी तिची थोडी ओळख. चेतक 1972 मध्ये आली, आकुर्डीच्या कारखान्यातून. त्याआधी बजाज इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे, त्यामुळे चेतकचा तोंडवळा व्हेस्पाचाच. परमिट राज होतं, उत्पादनावर सरकारी मर्यादा होती, नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. 2005-06 च्या सुमारास ही पेट्रोलवाली चेतक बंद झाली. 2020 मध्ये आलं ते फक्त नाव, आत बॅटरी.

आता कामाचं. मोटरसायकलला वेगळी फ्रेम असते, चेतकला नाही. तिचं पत्र्याचं अंग हीच तिची फ्रेम. म्हणून पहिलं काम म्हणजे पाय ठेवायच्या जागेवरचं रबर उचकटून खालचा पत्रा बघणं. पाणी तिथंच साचतं, गंज तिथूनच खातो. स्क्रूड्रायव्हर टोचला आणि आरपार गेला, तर तो दिसण्याचा प्रश्न उरत नाही, जिवाचा होतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो. वरून पुट्टी भरून रंग मारणारा मिस्त्री भेटला तर नमस्कार करून निघा.

तसंच ब्रेक शू, केबल, टायर, वायरिंग. इथं ‘ओरिजिनल’चा हट्ट नको. टायरला नक्षी भरपूर असली तरी रबर तडकलेलं असेल तर तो बाद. चाकाची रिम दोन भागांची, नटबोल्टने जोडलेली असते. ती खोलण्याआधी हवा पूर्ण काढायची, नाही तर रिम उसळून तोंडावर येते.

पेट्रोलची नळीही बदला. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलवालं. जुनं रबर त्यानं फुगतं, तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणजे महिनोन् महिने उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजणार. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर ऑइल मिसळणं विसरू नका : दोन टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली.

इथपर्यंत गाडी सुरक्षित झाली. माझ्या मते बहुतेकांनी इथंच थांबावं. कारण यापुढचं काम उलट फिरवता येत नाही. कट्टे वाहून घासलेली कड, हँडलजवळ उडालेला रंग, कुणीतरी हातानं लिहिलेलं नाव. हे एकदा सॅण्डपेपरनं गेलं की पुन्हा कुठल्याच दुकानात मिळत नाही. रंग काय, पुढच्या वर्षीही मारता येतो. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिची तुरिन सनदही साधारण हेच सांगते : आधी जतन, शक्य तितकी कमी ढवळाढवळ. परदेशात तर हात न लावलेल्या जुन्या गाड्यांचा प्रदर्शनात वेगळा गट असतो.

दुसऱ्या टोकाला इंजिन काढून इलेक्ट्रिक किट बसवणारे आहेत. चूक नाही, पण मंजुरी असलेलं किट आणि आरसीत नोंद, दोन्ही लागतं. मला विचाराल तर मग नवीच ई-स्कूटर घ्या ना, बिचाऱ्या चेतकचं पोट कशाला फाडायचं?

खर्च करण्याआधी कागद बघा, हे खरं तर सर्वांत आधी लिहायला हवं होतं. आरसी आबाजींच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाची नोंद करावी लागते. नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपुढच्या दुचाकीला त्याची फी 2,000 रुपये आहे. आणि चेसिस नंबर पत्र्यावरच ठोकलेला असतो. घासताना तोच पुसला, किंवा पुट्टीखाली गेला, तर एमएच-36 च्या ऑफिसात काय सांगणार? ‘व्हिंटेज’चा शिक्का हवा असेल तर 2021 च्या नियमाप्रमाणे गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. शिवाय अशी गाडी रोज चालवता येत नाही. म्हणजे तुमसरच्या कॉलेजला जायचं असेल तर तो शिक्का कामाचा नाही.

आणि सगळं करूनही पहिल्या किकला ती सुरू होणार नाही. मग तिला बाजूला जराशी कलती करा, सरळ करा, पुन्हा किक मारा. असं का करायचं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. बसा मात्र निवांत, उत्तर लांबेल.