मोहल्ल्याची एक पेटी, अनेक निकाह

निकाहला साक्षीदार हवेत, ईजाब-कबूल हवे, मेहर हवा. महागडी झालर नव्हे. तरी एका संध्याकाळच्या सजावटीसाठी घरे कर्ज काढतात आणि सकाळी ती सजावट कचऱ्यात जाते. थर्मोकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

बहिणींनो, मोहल्ल्याची एक पेटी करा. तीत कापडी फुलांच्या माळा, जरीचे पडदे, मेहंदीची तबके, दिव्यांच्या माळा ठेवा. कापड नीट वाळवून मलमलीत गुंडाळा. ओल राहिली तर जरीकाम काळे पडते. प्रत्येक जिन्नस वहीत लिहा.

मात्र ही पेटी गरिबाच्या मुलीला खैरात वाटता कामा नये. म्हणून ती आधी सुखवस्तू घराच्या शादीत उघडावी. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टीला मनाई आहे, ती ऐपत असलेल्यांनाही लागू आहे.