हायवे रुंद झाला, खुणा गेल्या

गणपती तोंडावर आले की माणगावची कोंडी बातम्यांत येतेच. म्हसळ्याच्या चाकरमान्याला बायपास हवाच आहे. माणगावच्या गर्दीतून सुटल्याशिवाय त्याला मोर्ब्याचा रस्ता लागत नाही. पण रस्ता रुंद होत असताना त्याच्या कडेचं काय काय गेलं, हे कुणी विचारत नाही.

मुंबई-गोवा हायवेच्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्याआधीचा हायवे, म्हणजे तेव्हाचा सतरा नंबर आणि आताचा सहासष्ट, दुपदरी होता. दोन्ही कडांच्या वडा-चिंचांची सावली रस्त्यावर पडायची. कर्नाळ्याचा सुळका दिसला की मुंबई सुटली असं वाटायचं. पुढे वडखळ नाक्याला थांबणं ठरलेलं. अलिबागचा पांढरा कांदा पातीसकट वेणीसारखा गुंफून माळा टांगलेल्या असत. त्यातली घट्ट गुंफलेली माळ बघून घ्यायची, शेजारी पेणचे पोह्याचे पापड. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण नवा रस्ता वडखळला बाहेरून वळसा घालतो आणि गोव्याच्या गाड्या नाक्यावर येतच नाहीत.

जुनं ते सगळं राखा, असं मी म्हणणार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या पुलावरून वाहतूक चालू ठेवणं हीच चूक होती. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आणलं की कामं होतात, हे तिथे दिसलं.

मग झाडांच्या बाबतीत ते मनात का येत नाही? ५० वर्षांवरच्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणण्याची तरतूद राज्याने २०२१ मध्ये केली, पण ती शहरी भागांच्या कायद्यात. दोन गावांच्या मधला हायवेचा वड शंभर वर्षांचा असला तरी तिच्यात बसत नाही. जिथे जुनी झाडं सर्वांत जास्त, तिथेच संरक्षण नाही, हे मला अजिबात पटत नाही.

आता पाळी आपल्या रस्त्याची आहे. माणगाव, मोर्बा, साई, घोणसे घाट, म्हसळा आणि पुढे दिघी बंदर, हा सगळा पट्टा राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ झाला आहे. राज्य मार्गाच्या मैलाच्या दगडाचा माथा हिरवा असतो, राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा पिवळा. रंग बदलायला हरकत नाही, पण जुना दगड उपटून भरावात टाकू नका. घाटातली धोक्याची वळणं जरूर काढा, त्यात जीव जातात. मात्र जेसीबी लावण्याआधी जुनी झाडं, दगडी मोऱ्या आणि मैलाचे दगड यांची यादी बांधकाम खात्याने करावी, आणि ती ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावी. गणपतीला गावी येणाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत एवढी एक मागणी मांडावी.