लीड-प्रारंभ
पाश्चात्त्य अश्वारोहणात घोडा थांबलेल्या स्थितीतून किंवा संथ चालीतून, स्वाराने ठरविलेल्या बाजूची लीड धरून, 'लोप' या तीन ठेक्यांच्या मंद दौडीत शिरतो. या क्रियेस 'लीड-प्रारंभ' म्हणतात. येथे पाश्चात्त्य म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराख्यांनी, मूळच्या स्पॅनिश परंपरेतून, विकसित केलेली शैली होय.

उजव्या लीडमध्ये प्रथम डावा मागचा पाय, नंतर उजवा मागचा व डावा पुढचा हे एकदम आणि शेवटी उजवा पुढचा पाय टेकतो; त्यानंतर क्षणभर चारही पाय अधांतरी असतात. डाव्या लीडमध्ये बाजूंची अदलाबदल होते. वळणावर आतील बाजूची लीड असल्यास तोल टिकतो. पुढच्या व मागच्या पायांची लीड भिन्न झाल्यास चाल विस्कळीत होऊन घोडा अडखळण्याचा संभव असतो.

लीडला नाव पुढच्या पायावरून मिळत असले, तरी दौडीचा आरंभ विरुद्ध बाजूच्या मागच्या पायाने होतो. म्हणून शिक्षणाची सुरुवात पुठ्ठ्यापासून करतात. बाहेरील पाय तंगाच्या मागे टेकविताच घोड्याने पुठ्ठा आत सरकवावा, हे प्रथम चालीत शिकवितात. खांदे सरळ, मान सैल व चाल लयबद्ध झाल्यावरच दौडीचा इशारा देतात. इशारा आधी हलका असतो. प्रतिसाद न मिळाल्यास तो क्रमाने वाढवितात व प्रतिसाद मिळताच थांबवितात. घोडा दुडकीत धावत सुटल्यास त्याला पुन्हा चालीत आणून तयारी नव्याने करतात. लगाम ओढून डोके वळविल्यास खांदा कलतो व चुकीची लीड पडते.

इशाऱ्याच्या क्षणाचे महत्त्व जुन्या काळापासून ज्ञात आहे. ग्रीक लेखक झेनोफन (इ. स. पू. चौथे शतक) याने घोड्याचा उजवा पाय पडत असताना इशारा दिल्यास तो डाव्या पायाने दौड सुरू करतो, असे नमूद केले आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेनिंग हॉर्स असोसिएशनच्या स्पर्धांत गुणांकन ७० पासून सुरू होते व चुकीच्या लीडबद्दल गुण कापले जातात.

एकाच बाजूची लीड घोडा वारंवार नाकारत असल्यास तो हट्ट समजू नये. पाठ, मागच्या पायांचे सांधे, खूर व खोगिराची बसण यांची तपासणी आधी करावी. कारण वेदनेवर शिक्षेचा उपाय चालत नाही.