तिकिटाआधीची लढत : शिरूर आणि दौंड

लेखमाला : निवडणूक समजून घेताना – भाग ७

गेल्या भागात आपण जागावाटप पाहिले. या वेळी त्याच्याही आधीची पायरी पाहू. निवडणूक दीड-दोन वर्षांवर असते, एकही यादी निघालेली नसते, पण चौकात ‘भावी आमदार’चे फ्लेक्स लागलेले असतात. देवदर्शनाच्या बस सुटायला लागतात आणि लग्नाला, दहाव्याला इच्छुकांची गर्दी होते. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी ‘यंदा यांचेच फिक्स’ म्हणून निकालही देऊन टाकतो. एखाद्या इच्छुकाची खरी ताकद इतक्या लवकर कशावरून ओळखायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त चघळला जातो तो अमेरिकेत. तिथे रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार श्रेष्ठी ठरवत नाहीत. राज्याराज्यांतले मतदार प्रायमरी नावाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत तो ठरवतात. त्याचे आडाखे वर्षभर आधीपासून बांधले जातात आणि ते किती चुकतात याची नोंदही मोठी आहे. २००७मध्ये रिपब्लिकन पक्षात रुडी जुलियानी देशभरच्या चाचण्यांत पुढे होते, तर जॉन मॅकेन यांच्या प्रचाराचा पैसा त्या उन्हाळ्यात जवळजवळ संपला होता. २००८ची उमेदवारी मिळाली मॅकेन यांना. २०१५मध्ये जेब बुश यांच्या पाठीराख्यांनी पहिल्या सहा महिन्यांतच दहा कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला. पुढच्या फेब्रुवारीत बुश शर्यतीतून बाहेर पडले होते. सुरुवातीलाच मतदान होणारे राज्य आयोवा. तिथे २००८, २०१२ आणि २०१६ अशा सलग तीन वेळा जिंकलेल्या रिपब्लिकन इच्छुकांपैकी एकालाही त्या वर्षीची उमेदवारी मिळाली नाही. लवकर केलेल्या चाचणीत लोक ओळखीचे नाव सांगतात. पसंती बरीच नंतर ठरते.

महाराष्ट्रानेही प्रायमरीची चव घेतली आहे. २०१४च्या लोकसभेला काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवले, त्यात वर्धा आणि लातूर होते. दोन्ही जागा त्या वर्षी भाजपने जिंकल्या आणि तो प्रयोग तिथेच थांबला. आपल्याकडे तिकीट म्हणजे एबी फॉर्म आणि तो पक्षाच्या कार्यालयातून येतो. पण तिकिटाआधीची लढत इथेही होते, फक्त तिला मतपेटी नसते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडमध्ये ती कशी होते हे कळले, की बाकीच्या ग्रामीण महाराष्ट्राचाही बराच उलगडा होतो.

आधी दौंड. २००९पासून विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या आणि चारही वेळा सामना त्याच दोघांत झाला : राहुल कुल आणि रमेश थोरात. २००९ला कुल राष्ट्रवादीचे उमेदवार होते. थोरात अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. २०१४ला थोरात राष्ट्रवादीकडून, कुल महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाकडून आणि कुल विजयी. २०१९ला कुल भाजपकडून, थोरात पुन्हा राष्ट्रवादीकडून. त्या वेळी दोघांनी मिळून दोन लाखांहून अधिक मते घेतली आणि फरक पडला ७४६ मतांचा. एका मतदान केंद्रावर साधारण तेवढी मते पडतात. २०२४पर्यंत राष्ट्रवादी फुटली होती. थोरात आधी अजित पवारांच्या बाजूला होते, ऐन वेळी शरद पवारांच्या पक्षात गेले आणि तिथली उमेदवारी घेतली. कुल पुन्हा निवडून आले.

माणसे दोन, चिन्हांची जोडी मात्र दर वेळी निराळी. अमेरिकेत पक्ष जागेवर असतो आणि इच्छुक त्याच्या दारात रांग लावतात. दौंडमध्ये दोन गट जागेवर आहेत आणि पक्ष त्यांच्याकडे येतात. म्हणून दौंडमध्ये ‘भाजपचा उमेदवार कोण’ किंवा ‘राष्ट्रवादीचा कोण’ असे विचारून अंदाज बांधायला बसलात, तर प्रश्नच उलटा धरलात असे मी म्हणेन. या वेळी कोणता गट कोणत्या चिन्हावर जाईल आणि तिसऱ्याला तिथे जागा उरेल का, हे विचारायला हवे. चार निवडणुकांत तिसऱ्याला जागा उरलेली नाही. दौंडमध्ये नवा इच्छुक कितीही गाजावाजा करत आला, तरी त्याच्या संधीचा पहिला हिशेब इथूनच सुरू होतो.

हे गट उभे आहेत ते संस्थांवर. कुल यांच्याकडे पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना, तर थोरात यांनी पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. त्यामुळे पुढाऱ्याचा कल पाहायला लोक सोसायटी, बाजार समिती, कारखाना आणि बँकेच्या निवडणुकांकडे डोळे लावतात. ते बरोबरच आहे, पण तिथे मतदार कोण असतो हेही पाहायला हवे. जिल्हा बँकेच्या ‘अ’ वर्गात तालुक्यातल्या प्रत्येक विकास सोसायटीला एकच मत. संचालक मंडळ ठराव करून ज्याचे नाव पाठवील तोच मतदान करतो. म्हणून ठरावाच्या दिवसांत सोसायटीच्या संचालकांना सहलीला नेऊन ठेवण्याचे प्रकार होतात. या मतदानातून गावातला कोण कोणाच्या शब्दात आहे एवढे नक्की कळते. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही तो कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला कामगार, दौंड शहरातले रेल्वे कर्मचारी, माहेरून सासरी आलेली आणि सोसायटीची सभासद नसलेली बाई, पहिल्यांदा मत देणारा मुलगा, यांचा त्यात पत्ता नसतो. विधानसभेला मात्र हे सगळे रांगेत असतात. संस्था हातात असलेल्या इच्छुकाला मतांचा तळ मिळतो. त्या तळाच्या वर किती मते जातील ते संस्था सांगू शकत नाही.

शिरूरमध्ये तर संस्था अंगावरही आली. शिरूर विधानसभा मतदारसंघात सगळा शिरूर तालुका नाही. तालुक्यातली ३९ गावे आंबेगावला जोडलेली आहेत आणि बदल्यात हवेलीतला वाघोली, लोणी काळभोर, उरुळी कांचनकडचा पट्टा आलेला आहे. २०१९ला इथून अशोक पवार ४१ हजारांवर मतांनी निवडून आले होते. न्हावऱ्याच्या घोडगंगा साखर कारखान्याची सत्ता त्यांच्या गटाकडे होती. मध्यंतरी कारखान्याची धुराडी थंडावली. ज्याचा ऊस शेतात उभा राहिला, त्याने २०२४ला त्या संस्थेचा हिशेब मतपेटीत मागितला. समोर होते वाघोलीचे ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कटके. ते तोवर ठाकरे यांच्या शिवसेनेत होते. महायुतीत जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे होती, म्हणून त्यांनी ऐन वेळी तो पक्ष धरला. सहा महिने आधी राष्ट्रवादीच्या इच्छुकांची यादी करायला बसलेल्याला त्यांचे नाव घालायला कारणच नव्हते. ते सुमारे ७४ हजार मतांनी जिंकले.

मग ओळखीचा चेहरा, पैसा, प्रसिद्धी यांचे काय? त्यांचे वजन लोकसभेला जास्त पडते. शिरूर लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात : जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर. इतक्या लांबवर एका तालुक्याची संस्था पुरत नाही. २०१४ला राष्ट्रवादीने भीमाशंकर कारखान्याचे देवदत्त निकम उभे केले आणि शिवाजीराव आढळराव पाटलांनी त्यांना तीन लाखांवर मतांनी हरवले. २०१९ला त्याच पक्षाने तिकिटाच्या जुन्या रांगेला वळसा घातला आणि मार्चच्या आरंभी शिवसेनेतून आलेल्या डॉ. अमोल कोल्हे यांना उभे केले. रोज रात्री घराघरांत ते टीव्ही मालिकेत संभाजीराजांच्या भूमिकेत दिसत होते. भोसरी आणि हडपसरने आढळरावांना आघाडी दिली, तरी बाकीच्या चार मतदारसंघांनी कोल्हे यांना ५८ हजार मतांनी निवडून दिले. पण हे उदाहरण हाती घेऊन प्रत्येक नटाला किंवा कीर्तनकाराला उमेदवार समजणे घाईचे ठरेल. तिथे तीन वेळा निवडून आलेला खासदार होता, त्याच्याविरुद्ध साचलेली मते होती, राष्ट्रवादीचे तालुक्यातालुक्यांतले जाळे होते आणि त्या जाळ्याला चेहरा मात्र नव्हता. ती रिकामी जागा कोल्हे यांनी भरली. नुसत्या प्रसिद्धीचे काय होते ते बेळगावच्या मातीतून गेलेल्या श्री ठाणेदार यांनी अनुभवले. २०१८ला मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर जाहिरातींत ओतले. काही सुरुवातीच्या चाचण्यांत ते पुढेही दिसले, पण मतदानात तिसरे आले. पुढे २०२२ला ते अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, ते मात्र डेट्रॉइटकडच्या एका मतदारसंघातून.

आता सगळ्यात फसवे लक्षण : मागच्या निवडणुकीचे लीड. ४ जून २०२४ला लोकसभेचे निकाल लागले. बारामती मतदारसंघातल्या दौंडने सुप्रिया सुळे यांना आघाडी दिली होती, शिरूर विधानसभेने अमोल कोल्हे यांना. दोघेही शरद पवारांच्या पक्षाचे, चिन्ह तुतारी. ‘आता विधानसभेला तुतारीच’ असे तेव्हा बहुतेकांनी धरले आणि त्या पक्षाच्या तिकिटासाठी गर्दी झाली. साडेपाच महिन्यांत, २३ नोव्हेंबरला, दोन्ही जागा महायुतीने जिंकल्या. याउलट २०१४ला दौंडने बारामती लोकसभेत महादेव जानकरांना आघाडी दिली होती आणि विधानसभेला त्यांच्याच पक्षाचे कुल आले. लीड तेच, एकदा खरे ठरले, एकदा खोटे. माझे मत असे की २०१४चे लीड ज्या गटाने मिळवले, तोच गट विधानसभेला स्वतः उभा होता. २०२४चे लीड पवारांच्या घरातल्या फुटीवर दिलेला कौल होता. तो स्थानिक उमेदवाराच्या नावावर जमा होणार नव्हता. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यावर आले, तेही विसरता येत नाही.

म्हणून एखाद्या इच्छुकाची चर्चा कानावर आली, की मी आधी पाहतो तो त्याच्याआधीचा रांगेतला माणूस : तो बसेल, बंडखोरी करेल की दुसऱ्या पक्षात जाईल? दौंडने २००९ला दाखवले की बंडखोरही अधिकृत उमेदवाराला पाडतो. त्यानंतर बघतो ती दुसरी फळी. गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन, माजी पंचायत समिती सदस्य फ्लेक्सवर फोटो लावायला तयार होतात, त्यात फार काही नाही. समोरच्या गटातला कोणी उघडपणे इकडे आला, तर त्याची नोंद घ्यावी. देवदर्शनाच्या बसमध्ये मात्र दोन्हीकडचे लोक बसतात, त्या मोजू नयेत.

पुढच्या विधानसभेचा अंदाज बांधताना आणखी एक अडचण आहे. लोकसभा-विधानसभेतले महिला आरक्षण मतदारसंघ पुनर्रचनेनंतर लागू व्हायचे आहे, आणि शिरूरची आजची हद्द मुळात २००८च्या पुनर्रचनेतून आलेली आहे. ३९ गावांचे किंवा वाघोलीच्या पट्ट्याचे स्थान बदलले, तर आजचे कितीतरी भावी आमदार दुसऱ्याच मतदारसंघात सापडतील. तोवर वाचकांनी एक काम जरूर करावे. प्रत्येक निवडणुकीनंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता फॉर्म २० नावाने निघतो आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. २०१९ आणि २०२४चे लोकसभा व विधानसभा असे चारही तक्ते काढा आणि आपल्या गावाच्या केंद्राची ओळ शेजारी शेजारी लिहून पाहा. पुढच्या भागात तो फॉर्म २० कसा वाचायचा ते पाहू.