नवे यंत्र की नवा खेळ?

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रांचा, म्हणजेच कन्सोलचा, व्यवसाय १९७२ साली मॅग्नाव्हॉक्सच्या 'ओडिसी'पासून सुरू झाला. काही वर्षे लोटली की जुने यंत्र बाद ठरवून नवी पिढी बाजारात आणावयाची, हा या धंद्याचा पुढे जणू कुळाचारच होऊन बसला. सोनीचे प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज हे संच नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि आता त्यांच्या वारसांची चर्चा सुरू आहे. ही नवी पिढी खरोखर हवी आहे काय, आणि हवी असल्यास ती कोणाला?

नव्या यंत्राने खेळाचे स्वरूपच पालटले, असे पूर्वी घडले आहे. १९९४ चे प्लेस्टेशन व १९९६ चे निन्टेंडो ६४ यांनी सपाट चित्रांच्या जागी त्रिमितीय जग उभे केले. ते पेलण्याची ताकद आधीच्या यंत्रांत नव्हती. आज तशी निकड दिसत नाही. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' हा सोनीचा मातबर खेळ २०२२ साली आला, तो २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वरही! नव्या यंत्रावर चित्र अधिक रेखीव दिसते, खेळ सुरू होण्यासाठी ताटकळावे लागत नाही, हे मान्य. परंतु सोय म्हणजे नवा खेळ नव्हे.

या रेखीवपणाची किंमत मात्र जबर आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालविलेल्या दाव्यात २०२३ साली उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागावर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाले. एवढी रक्कम पणाला लागल्यावर नवी कल्पना करून पाहण्याचे धाडस कोण करणार? आणि गणित चुकले की कुऱ्हाड कोसळते ती कामगारांवर. २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळविभागातील सुमारे १,९०० आणि फेब्रुवारीत सोनीने सुमारे ९०० जणांच्या नोकऱ्यांवर गदा आणली.

ग्राहकाचीही सुटका नाही. २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आलेले प्लेस्टेशन २ हे २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागले होते. यंत्र जुने झाले की स्वस्त होते आणि बेताच्या मिळकतीच्या घरीही पोहोचते, हा तेव्हाचा रिवाज होता. प्लेस्टेशन ५ ची किंमत मात्र त्याच देशात पाचव्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, ५० डॉलरनी वाढविण्यात आली. ज्यांना चालू पिढीच परवडत नाही, त्यांच्यापुढे पुढची पिढी ठेवण्यात कोणते शहाणपण आहे?

१९८९ साली निन्टेंडोने 'गेम बॉय' आणला, तेव्हा त्याचा पडदा रंगीतही नव्हता. गुनपेई योकोई या कल्पक अभियंत्याने जुने, स्वस्त व खात्रीचे तंत्र जाणूनबुजून निवडले. सेगाचा रंगीत पडद्याचा 'गेम गिअर' भराभर बॅटऱ्या फस्त करीत मागे पडला. २००६ चे 'वी' हेही प्रतिस्पर्ध्यांहून दुबळेच यंत्र. पण हात हलवून खेळण्याच्या साध्या युक्तीवर ते दहा कोटींहून अधिक खपले.

यंत्र केव्हाही बदलू नये, असे आमचे म्हणणे नाही. जुन्या यंत्रात न मावणारा खेळ कोणी घडवील, त्या दिवशी नव्या पिढीचे स्वागत आम्हीही करू. तोवर नव्या संचाची मागणी करणाऱ्या उद्योगाला 'नाचता येईना, अंगण वाकडे' याखेरीज दुसरे काय म्हणावे?